हार्मोनचं इंजेक्शन सुरू होण्याआधी: प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटनं आणि घरच्यांनी काय जाणून घ्यावं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी ३३ वर्षं पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवणारा, होतो. निवृत्त झालो आणि ६७ व्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. रेडिएशन आणि त्याच्या जोडीला दोन वर्षं हार्मोन थेरपी, असं ठरलं. रेडिएशनबद्दल मला सगळं नीट समजावलं होतं: किती दिवस यायचं, किती पाणी पिऊन यायचं, मशीनखाली कसं पडून राहायचं. हार्मोनच्या इंजेक्शनबद्दल मात्र एवढंच कानावर आलं, "तीन महिन्यांनी परत या."

पाच आठवड्यांनी एका रात्री दोन वाजता मी घामानं ओलाचिंब होऊन उठलो. छातीत धडधड, कानशिलं तापलेली. भट्टीचं दार उघडल्यावर तोंडावर येते तशी धग, फक्त ती आतून येत होती. मुलानं गाडी काढली. दवाखान्यात ईसीजी झाला, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी शेवटी विचारलं, "काका, कसलं इंजेक्शन चालू आहे का?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग हे त्याचंच आहे."

परत येताना गाडीत आमच्या हिनं हळूच सांगितलं, "अहो, माझी पाळी जाताना मला दोन वर्षं हेच होत होतं." मला ते कधी माहीतच नव्हतं.

त्यानंतर मी २०० पानी वही केली आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना, नर्सना, फार्मसीतल्या माणसांना विचारून लिहीत गेलो. आता शिवाजी पेठेतले ओळखीचे लोक ती वही बघायला येतात, म्हणून ती इथे उतरवतोय. इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदाच असतं, पण त्याचं काम शरीरात रोज चालू असतं. ते काम पहिल्या सुईआधी कळलं तर निम्मी धावपळ वाचते. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. मी सांगतोय ते त्यांच्यासमोर बसण्याआधीची तयारी आहे.

## १. शरीरात काय होणार आहे ते समजून घ्या

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्यातल्या कॅन्सरच्या पेशींना वाढायला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन लागतं. त्यातलं बहुतेक अंडकोषात तयार होतं, थोडं मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतून येतं. हार्मोन थेरपी म्हणजे हा पुरवठा तोडणं. "हार्मोन थेरपी" या नावामुळे अनेकांना वाटतं की हार्मोन देणार आहेत. उलट आहे, हार्मोन काढून घेणार आहेत.

हे नवीन काही नाही. पुरवठा तोडला की हा कॅन्सर मागे हटतो हे चार्ल्स हगिन्स या सर्जननी १९४१ मध्ये दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. मला हे वाचून धीर आला. आपल्यावर कोणी प्रयोग करत नाहीये, ८० वर्षं पारखलेला उपचार आहे.

आणखी एक. ही केमोथेरपी नाही. डोक्यावरचे केस गळत नाहीत, रोज उलट्या होत नाहीत. म्हणून बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो आणि घरच्यांना वाटतं याला काहीच होत नाही. होत असतं, पण आत.

## २. तुमचा प्रकार कोणता, हे नावानिशी लिहून घ्या

डॉक्टरांकडून औषधाचं नाव वहीत लिहून घ्या. साधारण चार प्रकार आहेत.

पहिला, मेंदूकडून अंडकोषाला जाणारा निरोप बंद करणारी इंजेक्शनं: ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन. ही महिन्याची, तीन महिन्यांची, काही त्याहून लांब मुदतीची मिळतात. यांची एक खोड आहे. पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उतरण्याऐवजी वाढतं, मग कोसळतं. त्या वाढीचा त्रास होऊ नये म्हणून सुरुवातीचे काही आठवडे बायकॅल्युटामाइडची गोळी देतात. माझ्या ओळखीच्या एकानं "एवढीशी गोळी, इंजेक्शन तर घेतलंय" म्हणून ती आणलीच नाही. ज्यांच्या मणक्यात आजार पोचलेला असतो त्यांना हे फार महागात पडू शकतं. गोळी लिहून दिली असेल तर पहिल्या दिवसापासून घ्या.

दुसरा, डेगारेलिक्स. यात ती सुरुवातीची वाढ होत नाही, पण सुई दर महिन्याला आणि टोचल्या जागी दुखणं-सुजणं जास्त. याच जातीची रेलुगोलिक्स नावाची रोजची गोळीही आहे.

तिसरा, ऑपरेशन करून अंडकोष काढणं. ऐकायला कठीण वाटतं, पण टेस्टोस्टेरॉन त्यानंही तेवढंच उतरतं, एकदाच खर्च होतो आणि पुन्हा पुन्हा फेऱ्या पडत नाहीत. ज्यांना हा उपचार कायमचा घ्यायचा आहे आणि गगनबावडा किंवा चंदगडसारख्या लांबच्या गावाहून यायचं आहे, त्यांनी हा पर्याय लाजेखातर न विचारता सोडू नये. मात्र तो परत फिरवता येत नाही. माझ्यासारख्या दोनच वर्षांच्या उपचाराला तो लागू नाही.

चौथा, वरच्यांच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या गोळ्या: ॲबिराटेरॉन, एन्झाल्युटामाइड, ॲपाल्युटामाइड, डॅरोल्युटामाइड. ॲबिराटेरॉन बहुधा रिकाम्या पोटी घ्यायची असते: जेवणानंतर किमान दोन तासांनी, आणि गोळीनंतर किमान एक तास काही खायचं नाही. पोट भरलेलं असताना घेतली तर औषध रक्तात कितीतरी पटीनं जास्त शोषलं जातं. तिच्यासोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतं, ते मनानं अचानक बंद करायचं नाही.

मग हे तीन प्रश्न विचारा:

- उपचार किती काळ? रेडिएशनसोबत काहींना सहा महिने, काहींना दीड ते तीन वर्षं असतात. आजार हाडांत पसरला असेल तर बहुधा चालूच राहतो.
- माझ्या हाडांत आजार आहे का, असेल तर कुठल्या? व्यायामासाठी हे कळणं फार गरजेचं.
- मला हार्ट, शुगर, बीपी, फिट्स यांपैकी जे आहे ते बघता हेच औषध योग्य का?

तुमचं वय कमी असेल आणि अजून मूल हवं असेल तर वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल पहिल्या सुईआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

## ३. पहिल्या सुईआधीच्या तपासण्या

सुरुवातीचे आकडे नसतील तर पुढे काय बदललं हे कळणार कसं? पॅटर्न बनवताना आम्ही आधी माप लिहायचो, मग लाकडाला रंधा लावायचो. इथेही तसंच करा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर या गोष्टी आहेत: पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, त्यावरून आजाराचा अंदाज घेतात), टेस्टोस्टेरॉन, हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या, व्हिटॅमिन डी, बीपी, वजन, पोटाचा घेर. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी ईसीजीचंही विचारावं.

आणि डेक्सा स्कॅन. हाडांचा घट्टपणा मोजणारी ही तपासणी दुखत नाही, थोडा वेळ नुसतं पडून राहायचं असतं. मला कोणी सुचवली नव्हती, मी दहा महिन्यांनी स्वतः विचारून करून घेतली, तोवर कंबरेची हाडं ठिसूळ व्हायला लागली होती. ती त्या दहा महिन्यांत झाली की आधीपासून तशीच होती, हे आता कोणीच सांगू शकत नाही. तुम्ही सुरुवातीलाच विचारा.

हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब द्यायचं ठरलं तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा. किडका दात काढायचा असेल तर तो आधीच काढून, जखम भरून घ्यायची. ही औषधं चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो.

## ४. कागदपत्रं आणि पैसे

एक जाड प्लास्टिकची फाईल घ्या. तिच्यात हे असू द्या:

- बायोप्सीचा मूळ रिपोर्ट (त्यात ग्लिसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे तो आकडा, असतो) आणि त्याच्या तीन झेरॉक्स
- एमआरआय, बोन स्कॅन किंवा पेट स्कॅनचे रिपोर्ट, फिल्म आणि सीडीसकट
- सगळे पीएसए रिपोर्ट, तारखेप्रमाणे
- आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन फोटो, बँक पासबुकाची झेरॉक्स
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक धरून
- प्रत्येक इंजेक्शनच्या खोक्यावरचं लेबल, टोचल्याच्या तारखेसह

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या दवाखान्यांत मिळतात. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्याला आधार पुरतं. पण योजनेत दवाखाना असणं वेगळं आणि तुमचं औषध त्या पॅकेजात असणं वेगळं. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊन त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) औषधाचं नाव दाखवा आणि विचारा, "हेच, एवढ्याच डोसाचं मिळणार का, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला नवी मंजुरी लागणार का?" योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८ आहे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातही आधी आरोग्यमित्राचा टेबल शोधा, मग केसपेपरच्या रांगेत उभं राहा. मी उलट केलं आणि एक अख्खी सकाळ गेली.

रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे आजच बघून ठेवा. आमच्या कार्डावर वडिलांचं नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करेपर्यंत पहिलं इंजेक्शन खिशातून घ्यावं लागलं.

विकत घ्यायचं असेल तर दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. कॅन्सरच्या औषधांत छापील किंमत आणि प्रत्यक्षातली किंमत यांत बराच फरक असतो. पक्कं बिल घ्या. जुन्या करपद्धतीत रिटर्न भरत असाल तर कलम ८०डीडीबी खाली ज्येष्ठांना १ लाखापर्यंत वजावट मिळते, त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचं लेखी पत्र लागतं.

मुंबईला टाटामध्ये दुसरं मत घ्यायला जाणार असाल तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एकाला सवलत आहे. ती दवाखान्याच्या ठरावीक नमुन्यातल्या दाखल्यावर मिळते. एसटीत ६५ च्या पुढे अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढे मोफत प्रवास, हे बहुतेकांना ठाऊक असेलच.

## ५. इंजेक्शनचा दिवस

तीन महिन्यांचं इंजेक्शन म्हणजे कॅलेंडरचे तीन महिने, असं समजू नका. बऱ्याच औषधांचा हिशेब १२ आठवड्यांचा असतो, म्हणजे ८४ दिवस. कॅलेंडरनं मोजलं तर दर खेपेला आठवडाभर उशीर होतो. टोचलं त्याच दिवशी नर्सकडून पुढची तारीख लिहून घ्या आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलवर गजर लावा. लग्न, यात्रा, जोतिबाचा खेटा मध्ये येत असेल तर पुढे ढकलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

औषध स्वतः दुकानातून आणत असाल तर खोक्यावर तापमान वाचा. काही औषधं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात, काही २५ अंशांखाली चालतात. एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत कोणतंच ठेवू नका. बर्फाची पिशवी आणि थर्मास मागा, चांगला दुकानदार देतो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टोचण्याआधी सांगा. गोसेरेलिनची सुई जाड असते आणि पोटाच्या कातडीखाली बारीकसा दाणा सोडते. तिथे दोन दिवस निळं पडतं, चोळायचं नाही.

## ६. गरम वाफा

हा सगळ्यात जास्त जणांना होणारा त्रास, आणि यातलं बहुतेक मला आमच्या हिनं शिकवलं. मला वाटतं हार्मोन थेरपी सुरू होणाऱ्या प्रत्येक पुरुषानं पाळी गेलेल्या आपल्या बायकोला किंवा बहिणीला एकदा समोर बसवून विचारावं. त्यांना जे माहीत आहे ते कुठल्याच केसपेपरवर लिहिलेलं नसतं.

तिनं नायलॉनचं ब्लँकेट काढून टाकलं आणि दोन पातळ सुती चादरी दिल्या, म्हणजे एक झटकता येते. उशाला पाण्याचा तांब्या आणि कोरडा पंचा. गंजीफ्रॉक सुती. वाफ येतेय असं वाटलं की उठून बसायचं, नाकानं सावकाश श्वास आत, तोंडानं त्याहून सावकाश बाहेर. दोन-चार मिनिटांत लाट ओसरते. घाबरलं की ती लांबते, हे मी स्वतः अनुभवलंय.

पंधरा दिवस वहीत वेळ आणि आधी काय खाल्लं-प्यालं ते लिहा. माझ्या बाबतीत तिखट मिसळ, उकळता चहा आणि बंद खोली या तीन गोष्टी निघाल्या. कोल्हापूरच्या माणसाला तांबडा रस्सा सोड म्हणणं बरोबर नाही, आणि मी सोडलाही नाही. रात्रीऐवजी दुपारी खातो, पांढरा जास्त आणि तांबडा वाटीभर. चहा बशीत ओतून निववून पितो. दारूनं वाफा वाढतात, ती बंद केली.

एवढं करूनही झोप मोडत असेल तर सहन करत बसू नका. यावर औषधं आहेत, डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "रात्रीत अमुक वेळा उठतो." आकडा सांगितला की ते लक्ष देतात. मी नुसतं "जरा गरम होतं" म्हणायचो, तोवर कोणी काही लिहून दिलं नाही.

## ७. स्नायू आणि हाडं: तालमीचं शहाणपण

टेस्टोस्टेरॉन गेलं की स्नायू झिजतात, त्या जागी चरबी येते, हाडं ठिसूळ होतात. पहिल्या वर्षात हे वेगानं होतं. याला व्यायामाइतकं चांगलं उत्तर मला अजून कोणी सांगितलेलं नाही. थकवाही व्यायामानंच कमी होतो. थकलेल्या माणसाला हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.

नुसतं चालणं पुरत नाही. रंकाळ्यावर रोज अर्धा तास झपझप चाला, आठवड्याला १५० मिनिटं झाली पाहिजेत. पण त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर लावण्याचा व्यायाम हवा. आपल्या गावात हे शिकवायला माणसांची कमी नाही. मी लहानपणी ज्या तालमीत जायचो तिथल्या वस्तादांकडे ६८ व्या वर्षी पुन्हा गेलो. आजार सांगितला. त्यांनी लाल मातीत उतरवलं नाही. खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, दहा वेळा. भिंतीला हात लावून जोर. पाण्याच्या एक-एक लिटरच्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली. टाचा उचलणं. एका पायावर तोल सांभाळणं, भिंत जवळ ठेवून. महिन्यानं बैठका खोल झाल्या, बाटल्या दोन लिटरच्या झाल्या. सहा महिन्यांनी जिन्यावरून गॅसचं सिलिंडर मुलाच्या बरोबरीनं चढवलं तेव्हा ही दारात उभी राहून बघत होती.

सावधानता: हाडांत आजार असेल तर कुठल्या हाडावर भार द्यायचा नाही, हे डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून लिहून आणा. मणक्यात असेल तर वाकून वजन उचलणं आणि कंबर पिळणं बंद.

कॅल्शियम दिवसाला जेवण आणि गोळ्या मिळून १००० ते १२०० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, म्हशीच्या ग्लासभर दुधात त्याहून थोडं कमी. गंगावेशच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मलाही आवडायचं, आता घरी आणून उकळूनच पितो. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, ताक, दही एवढं आपल्या घरात असतंच. आधी जेवणातून किती मिळतं ते मोजा, उरलेलंच गोळीतून. जास्त गोळ्यांनी मुतखडा होऊ शकतो. व्हिटॅमिन डी रिपोर्ट बघून डॉक्टर देतील. प्रथिनांसाठी अंडी, मासे, डाळी, उसळी. तंबाखू, मिश्री, मावा सोडा, हाडांचं आणि हृदयाचं दोन्हीचं नुकसान होतं.

न्हाणीघरात रबरी चटई आणि भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या. ठिसूळ हाडाच्या माणसानं पडायचं नाही.

## ८. साखर, बीपी, वजन

पोट सुटतं, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढतं, हृदयावर भार येतो. कॅन्सरकडे बघताना हे विसरायला होतं. दर तीन महिन्यांनी साखर आणि बीपी, सहा महिन्यांनी कोलेस्टेरॉल, असं मी डॉक्टरांशी बोलून ठरवलं. तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर कॅन्सरच्या डॉक्टरांपेक्षा हे जास्त नीट बघतील, त्यांना हार्मोनच्या औषधाचं नाव द्या. छाती थोडी भरते, दुखते, विशेषतः नुसत्या गोळ्यांवर असणाऱ्यांची. लाजू नका, दाखवा.

## ९. नवरा-बायकोत

यावर कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. इच्छा कमी होते, बहुतेकांची जवळजवळ जाते. ताठरता येत नाही. अंडकोष आणि लिंग आकसतं. हे औषधामुळे होतं. तुमच्या मनात किंवा संसारात काही बिघडलंय म्हणून नाही.

मी काय केलं? हिला न सांगता अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. कारण सांगायची लाज वाटली. चार महिने ती समजत राहिली की तिच्याकडून काही चुकलं. एका संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर तिनं विचारलं, "तुम्ही माझ्यावर रागावलाय का?" तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच होतं तर शेजारी निजायला काय झालं होतं?" ते चार महिने मला परत मिळणार नाहीत. तुमचे घालवू नका. पहिल्या इंजेक्शनाच्या भेटीला बायकोला आत घेऊन जा आणि डॉक्टरांना हा विषय तिच्यासमोर काढायला सांगा. तुम्हाला शब्द सुचत नसतील तर त्यांचे वापरा.

ताठरतेसाठी गोळ्या, व्हॅक्यूम पंप असे उपाय आहेत, युरॉलॉजिस्ट सांगतात. हृदयाच्या नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर ताठरतेच्या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत, बीपी धोक्याइतकं पडतं. आणि जाहिरातीतली "पुरुषशक्ती"ची चूर्णं, कॅप्सूल, जिमवाल्यांची पावडर विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. ज्या हार्मोनचा पुरवठा तोडायला एवढे पैसे मोजतोय, तेच दुसऱ्या दारानं आत यायला नको.

## १०. मन

बातम्या बघताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. नातवावर विनाकारण ओरडायचो. शब्द आठवायचे नाहीत. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की असं होऊ शकतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त उदास वाटत असेल, जेवण-झोप उडाली असेल, जगू नये असं मनात येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. १४४१६ या टेलिमानस नंबरवर मोफत बोलता येतं, मराठीतही.

## ११. पीएसएचा कागद कसा वाचायचा

एका आकड्यानं घाबरू नका आणि एका आकड्यानं निर्धास्तही होऊ नका. तीन-चार आकडे तारखेनुसार ओळीत लिहिले की दिशा दिसते. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा. सोबत टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आहे का, हेही अधूनमधून बघायला सांगा, इंजेक्शन काम करतंय का ते त्यावरून कळतं. पीएसए उतरला म्हणून पुढचं इंजेक्शन चुकवणारे मी पाहिलेत. तो इंजेक्शनमुळेच उतरलेला असतो.

उपचार संपल्यावर टेस्टोस्टेरॉन लगेच परत येत नाही. काही महिने जातात, वय जास्त असेल तर पूर्ण येतही नाही. माझं शेवटचं इंजेक्शन होऊन चौदा महिने झाले, वाफा आठव्या महिन्यापासून विरळ झाल्या.

## १२. कपाटाच्या दारावर चिकटवायचा कागद

आमच्या सुनेनं मोठ्या अक्षरांत हा कागद लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटावर लावला. तसाच देतो:

लगेच दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही:

- पायांतली ताकद अचानक गेली, पाय बधिर झाले, चालताना लटपटतात
- पाठीत कधी नव्हतं असं जोराचं दुखणं, पडल्यावरही न थांबणारं
- लघवी अडली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला
- छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं
- पडल्यावर कंबर किंवा मांडी हलवता न येणं

फोनवर पहिलं वाक्य: "पेशंटला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे, शेवटचं अमुक तारखेला झालं."

त्याखाली १०८, डॉक्टरांचा नंबर, फाईल कुठल्या कप्प्यात आहे ते, आणि रात्री गाडी काढू शकेल अशा शेजाऱ्याचं नाव. तारखेची जागा पेन्सिलनं लिहा, दर इंजेक्शनाला खोडून नवी टाकावी लागते.